डेंटल असिस्टंट व्हायचंय? कोर्स, पहिले सहा महिने, पगार आणि पुढचे रस्ते

दातांच्या दवाखान्यात पहिली नोकरी मिळणं अवघड नाही. ठाणे, पुणे, नाशिक सोडाच, तालुक्याच्या गावीही आता चार-पाच डेंटल क्लिनिकं असतात, आणि चेअरपाशी दुसरे दोन हात नसतील तर डॉक्टरांचं काम अडतं. बारावीनंतर, कधी दहावीनंतरही, 'या, शिकवून घेऊ' म्हणून ठेवून घेतात. गोची पुढे होते. चार-पाच वर्षं काम होतं. पण प्रमाणपत्र नाही, अनुभवाचं धड पत्र नाही आणि पगार रोखीत. मग सरकारी जाहिरात निघते, माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये जागा निघते, दुबईहून विचारणा होते आणि हात चांगला असूनही अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. म्हणून काम शिकणं आणि कागद जमवणं पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालवायचं.

आधी पदं नीट ओळखा

असिस्टंट, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक ही तीन वेगळी पदं आहेत. जाहिरात वाचताना इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

दंतवैद्य अधिनियम, १९४८ मध्ये दंतवैद्यांखेरीज दोन गटांच्या नोंदणीची तरतूद आहे: डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. दोन्हींचा डिप्लोमा दोन वर्षांचा, प्रवेश बारावी विज्ञान शाखेवर. हायजिनिस्ट दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात साफ करू शकतो, म्हणजे स्केलिंग. मेकॅनिक प्रयोगशाळेत कवळ्या, कॅपा, ब्रिज बनवतो. सरकारी मराठीत हायजिनिस्टला 'दंत आरोग्यक' म्हणतात. भरतीच्या यादीत 'डेंटल' शब्द शोधत बसलात तर ही जागा नजरेतून सुटते. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला आहे, त्यामुळे सहायक मनुष्यबळाच्या नोंदणीचे नियम बदलत राहतील. प्रवेश घेण्याआधी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडून ताजी माहिती घ्या.

असिस्टंटचं काम चेअरपाशी मदत करणं, निर्जंतुकीकरण, साहित्य कालवणं, एक्स-रेची तयारी, पेशंटच्या नोंदी असं असतं. रुग्णाच्या तोंडात स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार या पदाला नाही. इंजेक्शन, दात काढणं, सिमेंट भरणं, स्केलिंग यातलं काहीही नाही. 'तुला येतं ना, करून टाक' असं डॉक्टरांनीच सांगितलं तरी नाही. काही गडबड झाली तर नोंदणी नसलेल्या माणसाने उपचार केला हा मुद्दा पोलिसांपर्यंत जाऊ शकतो, आणि तेव्हा तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही.

कोर्स कोणता घ्यावा

बारावी विज्ञान, त्यातही जीवशास्त्र असेल आणि दोन वर्षं काढता येत असतील तर हायजिनिस्टचा डिप्लोमा घ्या. असिस्टंटच्या बहुतेक जागांना तो चालतो, उलट बाजूने चालत नाही. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय या ठिकाणी आधी चौकशी करा: सहायक अभ्यासक्रम यंदा चालू आहे का आणि जागा किती.

कला-वाणिज्यवाल्यांना किंवा लगेच कमावणं भाग असलेल्यांना असिस्टंटचा प्रमाणपत्र कोर्स हा मार्ग आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने डेंटल असिस्टंटसाठी राष्ट्रीय कौशल्य चौकटीतला अभ्यासक्रम ठरवलेला आहे. फी भरण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. प्रमाणपत्र कोणाच्या सहीचं मिळणार? संस्थेचं स्वतःचंच असेल तर क्लिनिकबाहेर त्याची किंमत जवळजवळ शून्य.
२. प्रमाणपत्राची पडताळणी कुठे होते? क्यूआर कोड किंवा मंडळाची वेबसाइट हवी.
३. चालू डेंटल चेअरवर प्रत्यक्ष काम किती तास? 'प्रॅक्टिकल' म्हणजे व्हिडिओ दाखवणं नव्हे.
४. मागच्या बॅचमधले लोक कुठे लागले? दोघांचे फोन नंबर मागा आणि खरोखर फोन करा.

'शंभर टक्के प्लेसमेंट' हे आश्वासन या क्षेत्रात फुकटचं आहे. कोर्स न करताही पहिली नोकरी लागतेच, मग कोर्सने नेमकं काय दिलं? पैसे मोजायचे ते ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणपत्राचे.

मुलाखत आणि ट्रायलचा दिवस

बहुतेक क्लिनिक एक-दोन दिवस ट्रायलला बोलावतात. त्या दिवशी डॉक्टर तुम्हाला पाहतात. तुम्हीही क्लिनिक पाहून घ्या. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र, खरोखर चालतो का ते बघा. उपकरणं औषधी पाण्यात बुडवून निळ्या दिव्याच्या यूव्ही कपाटात ठेवत असतील, तर तिथे तुम्ही चुकीचं शिकणार. ते कपाट निर्जंतुक झालेली उपकरणं साठवण्यासाठी असतं, निर्जंतुक करण्यासाठी नाही.

वेळ विचारा. दहा ते दोन आणि पाच ते नऊ ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. घर जवळ असेल तर ठीक. डोंबिवलीहून दादरला येणाऱ्याला मधले तीन तास ना घर, ना विश्रांती. झाडू-पोछा कोणाकडे, हेही आधीच विचारा. ओशाळू नका, नंतरची अर्धी कुरबुर याच एका गोष्टीवरून होते. साप्ताहिक सुट्टी कोणती, हातमोजे-मास्क क्लिनिकचे की स्वतःचे, पगार बँकेत की रोख, हेही त्याच दिवशी. पगार बँकेत घेण्याचा आग्रह धरा, कारण पुढे काही वर्षांनी बँकेचं स्टेटमेंट हाच अनुभवाचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

पहिले सहा महिने: काय, कोणत्या क्रमाने

पहिला महिना दातांचे आकडे आणि उपकरणांची नावं. आपल्याकडे दोन आकडी पद्धत चालते: वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४, आणि समोरच्या मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजायचं. उजवं-डावं पेशंटचं, तुमचं नाही. डॉक्टर 'छत्तीस' म्हणाले की खालची डावी पहिली दाढ. दुधाच्या दातांना ५१ ते ८५. नोंदीत ३६ ऐवजी ४६ लिहिलं गेलं तर चुकीच्या बाजूचा एक्स-रे निघतो, आणि क्वचित त्याहून वाईटही घडतं.

रूट कॅनलच्या फाइल्सचे, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायच्या बारीक सुयांचे, रंग जाडीच्या आकड्यांप्रमाणे याच महिन्यात पाठ करा: १० जांभळी, १५ पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी. डॉक्टर 'पंचवीस' म्हणेपर्यंत लाल मुठीची फाइल पुढे आलेली असावी. फाइल देण्याआधी तिचे पेच बघा. कुठे पीळ उलगडून चकाकणारा सपाट पट्टा दिसला तर ती बाजूला ठेवा. अशीच फाइल दाताच्या आत तुटते.

दुसरा महिना सक्शनचा, म्हणजे तोंडातलं पाणी आणि लाळ नळीने ओढून घेण्याचा. डॉक्टर उजव्या हाताचे असतील आणि पेशंटचं डोकं घड्याळाचा मधला बिंदू धरलं, तर तुमची जागा २ ते ४ च्या दरम्यान. तुमचं स्टूल डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच हवं, नाहीतर वाकून वाकून वर्षभरात कंबर धरते. मोठ्या सक्शनची नळी डॉक्टरांचा आरसा आणि एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) तोंडात जाण्याआधी जागेवर हवी. तिचं तिरकं तोंड दाताला समांतर ठेवा. मऊ टाळूला टेकवलीत तर पेशंटला उबळ येते. लाळेची बारीक नळी तोंडात असताना पेशंटला ओठ मिटून चोखायला सांगू नका. त्याने नळीतलं आधीचं पाणी उलटं तोंडात येऊ शकतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात साहित्य कालवणं. डॉक्टरांचा विश्वास इथेच बसतो किंवा उडतो, म्हणून जरा तपशिलात.

माप घेण्याचं अल्जिनेट: डबा उघडण्याआधी हलवून पावडर मोकळी करा, चमचा दाबून न भरता वरून सपाट करा आणि कंपनीच्या मापाने जितके चमचे तितकंच पाणी घ्या. रबरी वाडग्याच्या भिंतीवर स्पॅच्युला दाबत पाऊण ते एक मिनिट कालवा. मिश्रण गुळगुळीत, मलईसारखं झालं पाहिजे. मे महिन्यात हमखास होणारी चूक म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं कोमट पाणी. ते वापरलं की ट्रे तोंडात जायच्या आतच अल्जिनेट घट्ट होऊ लागतं आणि माप ओढल्यासारखं, सुरकुतलेलं येतं. उन्हाळ्यात पिण्याच्या गार पाण्याची बाटली यासाठी वेगळी ठेवा. माप निघालं की वाहत्या पाण्याखाली धुवा, जंतुनाशक फवारा, ओल्या कापसात किंवा टिश्यूत गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओता. उघडं राहिलं तर आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं. दोन्हीत कॅप किंवा कवळी बसत नाही आणि दोष लॅबवर जातो.

ओतताना साधं प्लास्टर १०० ग्रॅमला सुमारे ५० मिलिलिटर पाणी, डेंटल स्टोन १०० ग्रॅमला सुमारे ३०. आधी पाणी, मग त्यात पावडर. उलट केलंत तर गुठळ्या आणि बुडबुडे. पाणी जास्त झालं तर मॉडेल ठिसूळ होतं आणि नेमका तयारी केलेला दातच तुटतो.

ग्लास आयनोमर सिमेंट कागदी पॅडवर, प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने, कंपनीने दिलेल्या चमचा-थेंबाच्या प्रमाणात आणि साधारण अर्ध्या मिनिटात कालवायचं. डॉक्टरांच्या हाती देताना त्याला चमक हवी. चमक गेली की ते दाताला धरत नाही, टाकून नवीन करा. वाचवायला जाल तर महिन्याभरात पेशंट पडलेलं सिमेंट हातात घेऊन परत येतो.

पाचवा-सहावा महिना ऑटोक्लेव्हचा. १२१ अंशाला १५ पौंड दाब, १३४ अंशाला ३० पौंडांच्या आसपास. पाऊच केलेल्या, म्हणजे कागदी पाकिटात बंद केलेल्या उपकरणांना १२१ अंशावर साध्या यंत्रात ३० मिनिटं, तर हवा ओढून घेणाऱ्या बी-क्लास यंत्रात १३४ अंशावर तीन-चार मिनिटं पुरतात. मोजणी तापमान गाठल्यावर सुरू होते, स्विच दाबल्यावर नाही. कुकरसारख्या यंत्रात आधी वाफेबरोबर आतली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते, नाहीतर काटा दाब दाखवतो पण तापमान गाठलेलं नसतं.

यात बिघडतं ते तीन-चार ठिकाणी. पाऊच कोंबून भरले जातात. घाईत दार लवकर उघडून ओले पाऊच कपाटात जातात, आणि ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. रक्त वाळलेली फोर्सेप (दात काढायचा चिमटा) नीट न घासता आत जाते. वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. पाऊचवरच्या उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपचा रंग बदलला म्हणजे काम झालं असं मानलं जातं, पण रंग एवढंच सांगतो की टेपला उष्णता लागली. पूर्ण खात्री जैविक चाचणीने होते, म्हणजे चिवट जंतूंची कुपी आत ठेवून ते मेले का ते बघून. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षार बसतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरा.

कचऱ्याच्या रंगांचा गोंधळ तपासणीच्या दिवशी उघडा पडतो. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे रक्त लागलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लास्टिकच्या सक्शन नळ्या लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काळ ठेवायचा नाही. अपवाद चांदी भरलेल्या दाताचा: तो पिवळ्या, म्हणजे जाळायच्या कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा असतो. तो वेगळा ठेवून कचरा उचलणाऱ्या संस्थेला तसं सांगून द्या.

आणि एक सवय, जी कोणत्याच तारखेवर ढकलू नये: भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव. रूट कॅनल धुण्याचं हायपोक्लोराइट आणि भूल, दोन्ही पाण्यासारखंच दिसतं. भुलेच्या जागी हायपोक्लोराइट टोचलं गेलं तर आतले पेशी-ऊतक जळतात. दोन्हींना वेगळ्या आकाराच्या सिरिंज ठेवा आणि भूल भरताना बाटलीवरचं नाव डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवा.

स्वतःचं संरक्षण

हेपटायटिस बीची लस नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासा. दहा किंवा त्याहून जास्त आकडा हवा. खर्च क्लिनिकने करावा, हे मुलाखतीतच बोलून घ्या.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. पेशंटचं नाव नोंदवा आणि सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. लाजून किंवा बोलणी बसतील म्हणून रात्र काढणाऱ्यांचंच नुकसान होतं. बहुतेक वेळा सुई टोचते ती दोन हातांनी टोपण लावताना. टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवा.

एक्स-रेच्या वेळी पेशंटच्या तोंडातला सेन्सर आपल्या बोटांनी धरून ठेवायचा नाही. होल्डर वापरा आणि निदान दोन मीटर लांब किंवा भिंतीआड उभे राहा. गरोदर असाल तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

पगार

बाजारात साधारण असे आकडे चालतात. तालुक्याच्या गावी नवख्याला सहा ते नऊ हजार. मुंबई-पुण्यात नवख्याला दहा ते चौदा, तीन-चार वर्षांच्या अनुभवाला पंधरा ते बावीस. इम्प्लांट (हाडात बसवलेला दात) किंवा ऑर्थोचं (दातांना तारा लावण्याचं) काम येणाऱ्याला आणि क्लिनिक सांभाळणाऱ्याला त्याच्या वर. साखळी क्लिनिकं आणि मोठ्या रुग्णालयांत सुरुवातीचा आकडा फार वेगळा नसतो, पण पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी आणि ठरलेली ड्यूटी मिळते. कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय दहा किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी आणि २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होतो; दोन चेअरच्या क्लिनिकमध्ये तो मिळणार नाही, म्हणून स्वतःचा आरोग्य विमा लवकर काढा.

पगार का चढत नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत आणि दर वर्षी बाहेर पडणारे नवे बीडीएस डॉक्टर कमी पगारावरही काम स्वीकारतात. बऱ्याच क्लिनिकांत तेच चेअरपाशी मदतही करतात. त्यामुळे 'मी सगळं करते' या मुद्द्यावर वाढ मागून फारसं मिळत नाही. वाढ मिळते ती डॉक्टर स्वतः करत नाहीत अशा कामांवर: अपॉइंटमेंटचं वेळापत्रक, साहित्याचा साठा आणि एक्स्पायरी, लॅबचा पाठपुरावा, उपचाराचा खर्च पेशंटला समजावून त्याचे हप्ते वसूल करणं, ओरल स्कॅनर चालवणं. यातली दोन कामं पूर्णपणे अंगावर घ्या आणि मग बोला.

सरकारी आणि निमसरकारी जागा

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या दंत विभागांसाठी दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि असिस्टंटच्या कंत्राटी जागांची तरतूद आहे. त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातून भरल्या जातात, जाहिरात बहुधा जिल्हा परिषदेच्या वेबसाइटवर येते आणि मुदत थोडी असते. आठवड्यातून एकदा आपल्या आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांची वेबसाइट बघायची सवय लावा. कायम जागा प्रामुख्याने दंत आरोग्यक आणि दंत यांत्रिकी या पदांच्या, आणि त्यांना डिप्लोमा व नोंदणी लागते.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, म्हणजे ईसीएचएसची पॉलिक्लिनिकं हा बऱ्याच जणांना माहीत नसलेला रस्ता. साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत माजी सैनिक खूप, तिथे या जागा निघत राहतात. अलीकडच्या वर्षांतल्या जाहिरातींत डेंटल असिस्टंट-हायजिनिस्ट-टेक्निशियन या एकत्रित पदाला महिना २८,१०० रुपये मानधन दिसतं. नेमणूक कंत्राटी, आणि पात्रतेत हायजिनिस्टचा डिप्लोमा किंवा सैन्यदलातला डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंटचा कोर्स, वर पाच वर्षांचा अनुभव मागतात. सैन्याच्या डेंटल युनिटमधून निवृत्त झालेल्यांना ही जागा अगदी बेतलेली आहे.

आखात आणि त्यापुढे

दुबई, अबूधाबी, सौदीत डेंटल असिस्टंटला तिथल्या आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. त्याआधी डेटाफ्लो नावाची पडताळणी होते: तुमची संस्था आणि जुन्या क्लिनिकशी थेट संपर्क करून कागद खरे आहेत का ते तपासतात. अर्ज इथे अडकतात, कारण क्लिनिकचा ईमेल बंद असतो, डॉक्टर उत्तर देत नाहीत किंवा पत्रावरच्या तारखा बँकेतल्या पगाराशी जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक नोकरी सोडताना लेटरहेडवर पत्र घ्या: पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे, पद, रुजू आणि सोडल्याची तारीख, कामाचे तास, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. डॉक्टरांना सांगून ठेवा की परदेशातून चौकशी येईल.

एजंट नोंदणीकृत आहे का हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा, किंवा 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, परवाना तिथे गेल्यावर करू' म्हणणारा माणूस टाळा. परवान्याशिवाय क्लिनिकमध्ये काम करताना पकडले गेलात तर दंड आणि परतीचं तिकीट दोन्ही तुमच्याच डोक्यावर.

ब्रिटनमध्ये हेच काम डेंटल नर्स या नावाने चालतं आणि जनरल डेंटल कौन्सिलची नोंदणी सक्तीची आहे. जर्मनीत तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्याआधी जर्मन भाषा. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे. हे तिन्ही रस्ते लांबचे. आखाताचा सगळ्यात जवळचा.

चेअर सोडून

पाच-सात वर्षांनी कंबर-मान कुरकुरायला लागली की बाजूच्या वाटा बघाव्या लागतात. डेंटल साहित्य विकणाऱ्या कंपन्यांना मालाची नावं तोंडपाठ असलेले प्रतिनिधी हवे असतात. दुचाकी आणि बोलण्याची सवय असेल तर इथे कमिशन धरून क्लिनिकपेक्षा जास्त सुटतं. लॅबमध्ये संगणकावर कॅपांचं डिझाइन करणारे कमी पडतात, सहा महिने लॅबमध्ये बसायची तयारी ठेवा. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढणाऱ्या स्कॅन सेंटरना रिसेप्शन आणि पोझिशनिंग दोन्ही जमणारा माणूस लागतो. अनेक शाखांच्या क्लिनिकांना सगळ्या शाखांचं निर्जंतुकीकरण आणि साठा बघणारी एकच व्यक्ती हवी असते. ही जागा जाहिरातीत येत नाही, साहित्य पुरवणाऱ्या डीलरला आधी कळते, तेव्हा डीलरच्या माणसाशी ओळख ठेवा.